सहा भाग ढग

सोनगीरच्या अलीकडे हमरस्त्याला लागून एक शेतकी फार्म आहे. त्याच्या एका कोपऱ्यात तारेच्या कुंपणाआड हवामानाची उपकरणं मांडलेली आहेत. पांढऱ्या झडपांची लाकडी पेटी, पावसाचं माप, वाऱ्याची दिशा दाखवणारा बाण आणि चबुतऱ्यावर एक भरीव काचेचा गोळा. या कुंपणाची किल्ली अठ्ठावीस वर्षं कोकिळाबाई भदाणे यांच्या पदराला होती. सकाळी सात आणि दुपारी दोन, या दोन वेळा त्यांनी कधी चुकवल्या नाहीत. आणि या अठ्ठावीस वर्षांत, त्यांच्या मते, त्या कुंपणाच्या दाराशी एकही शहाणा माणूस आला नव्हता.

लोकांना आभाळ कळत नाही, हे त्यांचं पहिलं म्हणणं. दुसरं म्हणणं असं, की ज्यांना पगार देऊन आभाळ कळायला बसवलंय त्यांना तर ते मुळीच कळत नाही. फार्मवरचे साहेब स्वप्नील सर तिशीतले होते, कृषी पदवीधर. त्यांच्या टेबलासमोर भली मोठी खिडकी होती. तरीही बाहेर पाऊस लागला का, हे ते मोबाइलमध्ये बघायचे. एकदा त्यांनी कोकिळाबाईंना बोलावून विचारलं होतं की ॲपमध्ये पाऊस दाखवतंय, मग मापात शून्य कसं. बाईंनी खिडकीचा पडदा बाजूला केला, बाहेरच्या रखरखीत उन्हाकडे एकदा बघितलं, एकदा सरांकडे बघितलं, आणि निघून गेल्या. त्या बघण्याची सरांनी इतकी धास्ती घेतली की पुढे ते कागद सुद्धा शिपायाच्या हाती पाठवू लागले.

घरीही फार वेगळं नव्हतं. नवरा वना भदाणे एस. टी. च्या डेपोत मेकॅनिक होता, निवृत्त होऊन आता अंगणात जुन्या मोटारी उघडून बसायचा. बायको कुणालाही कस्पटासमान मोजते, हे त्याने लग्नानंतर महिन्याभरातच ओळखलं होतं आणि त्यात आपलाही नंबर लागतो, हेही. त्याला त्याचं फारसं वाटत नसे. शेजारणींना मात्र वाटे. कोकिळाबाई दारात दिसल्या की त्या हवापाण्याच्या गप्पा चट्कन थांबवत, कारण ‘आज फार गरम होतंय’ एवढं म्हटलं तरी बाई विचारायच्या, किती?

पण कोकिळाबाईंकडे एक वही होती, तिच्याबद्दल कुणी हसत नसे. ती वही मुलीसाठी होती.

मुलगी पुनम धुळ्याच्या एका कॉलेजात ग्रंथालयात कामाला होती. सात वर्षांपूर्वी, ती अठरा वर्षांची असताना, तिच्या गालांवर आणि नाकावर लाल चट्टा उठला, बोटांचे सांधे सुजले, ताप उतरेना. धुळ्यात तीन डॉक्टर झाले. एकाने टायफॉइड सांगितला, दुसऱ्याने संधिवात, तिसऱ्याने मुलीचं लग्न करून टाका म्हणून सांगितलं. त्या तिसऱ्याचं नाव कोकिळाबाई आजही उच्चारत नाहीत, नुसतं ‘ते जनावर’ म्हणतात. शेवटी जळगावच्या एका डॉक्टरीणबाईंनी ल्युपस हे नाव सांगितलं. शरीर स्वतःवरच उलटतं असा हा आजार. बरा होत नाही, पण सांभाळता येतो. गोळ्या रोज घ्यायच्या आणि उन्हापासून दूर राहायचं, कारण उन्हातले अतिनील किरण अंगावर पडले की दबलेला आजार पुन्हा उसळतो.

ऊन म्हटल्यावर घरादाराने एप्रिल-मे धरला. पुनमला उन्हाळाभर खोलीत कोंडलं, खिडक्यांना गोधड्या लावल्या. चव्वेचाळीस अंश तापमानात तिला काही झालं नाही. जुलै आला, आभाळ भरून आलं, पारा तिशीच्या खाली उतरला, सगळ्यांनी सुस्कारा टाकला, आणि पुनम आठवडाभर शेतावरच्या बांधावर, गच्चीवर मोकळी हिंडली. दहाव्या दिवशी तिला जळगावला भरती करावं लागलं.

नातेवाइकांनी नशिबाला बोल लावला. कोकिळाबाईंनी त्यांना गप्प केलं आणि त्या कामाला लागल्या. पुण्याच्या प्रशिक्षणात मिळालेलं जुनं माहितीपुस्तक त्यांनी ट्रंकेतून काढलं. पुनम तेव्हा शिकत होती त्या कॉलेजातून आणखी दोन पुस्तकं मागवली, आणि इंग्रजी अडलं तिथे पुनमलाच अंथरुणावर बसवून अर्थ विचारला. दोन महिन्यांत त्यांना जे उमगलं ते त्यांना इतकं सोपं वाटलं की आजवर ते कुणी सांगितलं नाही याचाच त्यांना संताप आला. उष्णता वेगळी आणि अतिनील किरण वेगळे. ते किरण अंगाला गरम लागत नाहीत, डोळ्यांना दिसत नाहीत. सूर्य जितका डोक्यावर, तितका त्यांचा हवेतला रस्ता आखूड आणि जोर जास्त. वर ओझोनचा थर असतो, तो त्यांना गाळून घेतो. धूळ आणि धूर थोडे अडवतात, ढग अडवतात. खानदेशात मेच्या अखेरीला सूर्य बरोबर माथ्यावर येतो, आणि जुलैत परत जाताना पुन्हा एकदा माथ्यावर येतो. मेमध्ये निदान हवेत धुळीचा पडदा असतो. जुलैत पावसाने तो धुऊन निघालेला असतो, आणि लोक थंडगार वारा लागला म्हणून टोप्या काढून हिंडतात.

मग त्यांनी वही आखली. रोज दुपारच्या सूर्याची उंची. ओझोनचा आकडा पुनम उपग्रहाच्या संकेतस्थळावरून उतरवून द्यायची. धुळीसाठी बाई लांबचा सोनगीरचा किल्ला बघायच्या: तट स्वच्छ दिसला की हवा स्वच्छ, नुसती बाह्यरेषा दिसली की धूळ. आणि ढग. आभाळाचे मनातल्या मनात आठ भाग करायचे आणि त्यातले किती झाकलेत ते सांगायचं, हे तर त्यांचं अठ्ठावीस वर्षांचं काम. चार भाग ढग असले की तिसरा हिस्सा वजा. सहा भाग असले की निम्मे वजा. आठही भाग झाकले की पाऊण वजा. शेवटी एक आकडा यायचा. तीनपर्यंत पुनमने खुशाल बाहेर जावं. सहापर्यंत छत्री, पूर्ण बाह्या आणि ऊन अडवणारं मलम लावून तासभर. त्याच्या वर उंबरठा ओलांडायचा नाही.

सात वर्षं पुनम त्या वहीने जगली. मधल्या दोन पावसाळ्यांत तिला दोनदा त्रास झाला, चट्टा आला, ताप आला. दोन्ही वेळा कोकिळाबाईंनी वही तपासली, आकडा सहाच्या आत होता. तेव्हा दोष गोळ्यांचा. पुनमने गोळ्या चुकवल्या असणार. पुनम म्हणाली, मी चुकवल्या नाहीत. बाईंनी गोळ्यांची पाकिटं मोजली, ती बरोबर भरली, तरी त्यांनी मानलं नाही. गोळी पाकिटातून काढून खिडकीबाहेर टाकता येते, असं त्या वनाला म्हणाल्या, आणि पुनमने ते आतल्या खोलीतून ऐकलं.

गेल्या मार्च महिन्यात धुळ्यात, बसस्थानकाजवळच्या एका चौकात, व्यापारी मंडळाने एक विजेची पाटी लावली. वर तापमान, खाली ‘यूव्ही निर्देशांक’, आणि त्याच्या खाली हिरवा, पिवळा, लाल रंग. कुणा पुढाऱ्याच्या हस्ते नारळ फुटला. खालच्या कोपऱ्यात हीराबाई नावाच्या एका बाईंचा फोटो होता. सौर पंपांचं दुकान असलेल्या लालचंदजींनी आपल्या दिवंगत पत्नीच्या स्मरणार्थ पाटीचा भार उचलला होता.

कोकिळाबाईंनी पहिल्यांदा ती पाटी बघितली तेव्हा दुपारचे साडेबारा वाजले होते. आकडा होता सहा. त्यांच्या वहीत दहा होता. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि कामं उरकली. चार वाजता परत बसला आल्या तर पाटीवर नऊ. सूर्य पश्चिमेला कलला होता, सावल्या लांब झाल्या होत्या, आणि पाटी म्हणत होती की किरण वाढले. बाईंना हसू आलं. त्यांनी मुद्दाम दोन बस सोडल्या आणि चौकातल्या बाकावर बसून राहिल्या. सूर्य मावळला, दिवे लागले, रसवंतीवाल्याने चरकाचे घुंगरू काढून ठेवले. पाटीवर अजून तीन होता. काळोखात धुळे शहरावर अतिनील किरण पडत होते, आणि खालून जाणाऱ्या हजारो शिकलेल्या माणसांपैकी एकालाही त्यात काही वावगं दिसत नव्हतं.

तापमानावरून काढलंय गाढवांनी, हे त्यांनी तिथेच ओळखलं.

दुसऱ्या दिवशी त्या लालचंदजींच्या दुकानात गेल्या. त्यांनी मनात धरलं होतं की एखादा गादीवर रेललेला शेठ भेटेल आणि त्याचा पाणउतारा करायला बरं पडेल. लालचंदजी उठून उभे राहिले, खुर्ची दिली, पाणी मागवलं आणि सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले की ताई, मला यातलं काही कळत नाही, पाटीचं सगळं मुलीने केलंय, तुम्ही तिलाच सांगा. बाईंना त्यांच्या नम्रतेचाही राग आला. ज्यातलं कळत नाही त्यावर बायकोचा फोटो लावायचा कशाला, असं त्यांच्या ओठांवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं. हा त्यांच्या हिशेबी मोठा उपकार होता.

मुलगी विधी आतून आली. जळगावच्या कॉलेजातून इंजिनिअर झालेली, तेवीस-चोवीस वर्षांची, हातात वायरींचा गुंता. कोकिळाबाईंनी तिला बसूही दिलं नाही.

“संध्याकाळी साडेसातला तुझी पाटी तीन दाखवते. तीन कुठून आला?”

विधी म्हणाली, “सेन्सर महाग होता, मॅडम. मी तापमान आणि आर्द्रतेवरून एक सूत्र बसवलं. दुपारच्या आकड्यांवर बसवलं होतं. संध्याकाळचं मी तपासलंच नाही.”

“तापमानावरून किरण काढणं म्हणजे चपलेच्या मापावरून माणसाचं वय काढणं.”

मुलगी रडेल किंवा भांडेल, अशी बाईंची अपेक्षा होती. विधीने वायरी खाली ठेवल्या, कागद घेतला आणि म्हणाली, “मग कशावरून काढायचं? सांगाल?”

कोकिळाबाईंना हे प्रश्न विचारणं म्हणजे लाचारी वाटली. ज्याला येत नाही त्याने करू नये, असं त्यांचं मत. पण आजवर कुणी कागद घेऊन त्यांच्यासमोर बसलं नव्हतं, त्यामुळे त्या बोलत गेल्या. सूर्याची उंची, ओझोन, धूळ, ढग. बोलता बोलता दोन तास झाले. शेवटी त्या म्हणाल्या की हे सातवीच्या पोरालाही कळेल, तुला कळलं नाही यात तुझ्या कॉलेजचा दोष असावा. विधीने तेही लिहून घेतलं की काय, असं त्यांना वाटलं.

आठवड्याभरात पाटीवर नवं गणित बसलं. संध्याकाळी शून्य, साडेबाराला सगळ्यात जास्त. ढगांसाठी विधीने बाईंचाच तक्ता जसाच्या तसा घेतला. बाई रोज सकाळी सातला आणि दुपारी दोनला ढगांचे भाग तिला फोनवर कळवायच्या. आकडा सांगितला की फोन ठेवायच्या, राम राम नाही की काही नाही. जूनमध्ये विधीने नवी गोष्ट काढली. वडिलांकडून पैसे घेऊन तिने अतिनील किरण मोजणारा खरा सेन्सर मागवला होता. बोटभर लांबीचा, वर पांढरी गोल टोपी. तो तिला फार्मवरच्या कुंपणात, काचेच्या गोळ्याशेजारी लावायचा होता. स्वप्नील सरांनी लगेच परवानगी दिली, कारण वर्तमानपत्रात फोटो येण्यासारखं होतं.

“कशाला?” कोकिळाबाईंनी विचारलं. “गणित चुकतंय का?”

“नाही चुकत. पण ते खरंच बरोबर आहे का, हे मोजल्याशिवाय कसं कळणार?”

बाईंना हा आपल्यावरचा अविश्वास वाटला. त्यांनी खांब रोवायला जागा दाखवली आणि त्यानंतर महिनाभर त्या सेन्सरकडे ढुंकूनही बघितलं नाही. तो मिनिटामिनिटाला आकडा नोंदवायचा. विधी दर रविवारी स्कूटीवर येऊन ते आकडे उतरवून न्यायची. बाई तिला खेळणं चालतंय का म्हणून विचारायच्या.

श्रावणात सोनगीरमध्ये घरोघर कानबाई बसली. खानदेशात हा लेकीबाळींचा मोठा सण. रविवारी स्थापना, रात्रभर गाणी, सोमवारी वाजतगाजत पाण्यावर निरोप. पुनमची मैत्रीण रूपाली माहेरपणाला आली होती. सात वर्षांत पुनम कानबाईच्या निरोपाला एकदाही गेली नव्हती, दारातूनच हात जोडायची. त्या सोमवारी तिने अकराच्या सुमारास आईला विचारलं की जाऊ का, तासाभरात परत येते.

कोकिळाबाई अंगणात आल्या. एकोणतीस अंश तापमान, सुखद वारा. आभाळात कापसाच्या ढिगांसारखे पांढरे ढग, खालून किंचित करडे, मधून मधून निळे खंड. त्यांनी आठ भाग केले. सहा भाग ढग. निरभ्र असतं तर आकडा बारा. निम्मे वजा, सहा. त्यांनी वहीत लिहिलं आणि सांगितलं, छत्री घे, बाह्या खाली कर, मलम लाव, बाराच्या आत ये. पुनमचा चेहरा असा काही उजळला की बाईंनी दुसरीकडे बघितलं.

मिरवणूक रेंगाळली. पुनम साडेबाराला परतली. गर्दीत रूपालीच्या सांगण्यावरून छत्री बंद करावी लागली होती, पण ढग आहेत म्हणून तिला काही वाटलं नाही. घाम पुसताना मलमही पुसलं गेलं असावं. चौथ्या दिवशी तिचे गाल तापले. सहाव्या दिवशी बोटं वळेनात. आठव्या दिवशी लघवीतून प्रथिनं जाऊ लागली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिला जळगावला दाखल करून घेतलं आणि मूत्रपिंडाला सूज आहे, म्हणून सांगितलं.

कोकिळाबाई दवाखान्याच्या बाकावर बसल्या आणि त्यांनी रागवायला माणूस शोधला. मिरवणूक लांबवणारे मूर्ख. छत्री बंद करायला लावणारी रूपाली मूर्ख. आणि पुनम, गोळ्या टाकून देणारी. त्यांनी तिच्या पर्समधली पाकिटं मोजली. बरोबर होती. त्या पुन्हा मोजायला लागल्या तेव्हा वनाने त्यांच्या हातातून पाकिटं काढून घेतली.

“तुन्ही वही म्हंजे काय देव शे?” तो म्हणाला. तुझी वही म्हणजे काय देव आहे. तेहतीस वर्षांच्या संसारात एवढ्या कडक आवाजात तो पहिल्यांदाच बोलला होता.

रविवारी विधी दवाखान्यात आली. लालचंदजींनी फळं पाठवली होती. ती पुनमजवळ थोडा वेळ बसली, मग बाहेर येऊन बाईंच्या शेजारी बसली. तिने लॅपटॉप उघडला नाही, मांडीवर नुसता धरून ठेवला.

“मॅडम, कानबाईच्या सोमवारचे आकडे मी बघितले. तुम्हाला दाखवू का, हेच मला कळत नाहीये.”

“दाखव.”

पडद्यावर एक रेघ होती, करवतीच्या दात्यांसारखी वर-खाली. साडेअकरा ते साडेबारा या तासात विधीने बोट ठेवलं. साठांपैकी एकेचाळीस मिनिटं आकडा बाराच्या वर. त्यातली तेरा मिनिटं चौदाच्या वर. सहा कुठेच नव्हता, फक्त एखादा ढग नेमका सूर्यावर आला त्या थोड्या मिनिटांत रेघ तिथवर उतरली होती.

“निरभ्र आभाळाचा आकडाच बारा आहे,” कोकिळाबाई म्हणाल्या. “ढग असताना चौदा होईलच कसा? तुझं खेळणं बिघडलंय.”

“मलाही तसंच वाटलं. मग मी सगळा जुलै काढला. निरभ्र दिवशी ते तुमच्या गणिताशी तंतोतंत जुळतं. पूर्ण झाकलेल्या दिवशीही जुळतं. फक्त तुटक ढग असले आणि सूर्य फटीतून दिसत असला की असं होतं. ढगांच्या पांढऱ्या कडा किरण परतवतात, मॅडम. फटीतून थेट येणारे किरण येतातच, वर ढगांवरून उडालेलेही येतात.”

बाईंनी तिला जायला सांगितलं. मग वनाला पुनमजवळ बसवून त्या जळगावहून मिळेल त्या बसने निघाल्या आणि दुपारी फार्मवर पोचल्या. काचेच्या गोळ्याखाली रोज एक निळी पट्टी लावतात. ऊन गोळ्यातून एकवटतं आणि पट्टीवर जळकी रेघ ओढत जातं. सूर्य झाकला की रेघ तुटते. सोमवारची पट्टी त्यांनी स्वतः लावली होती, स्वतः काढली होती, ऊन किती तास पडलं ते स्वतः मोजून लिहिलं होतं. कपाटातून त्यांनी ती काढली. साडेअकरा ते साडेबाराच्या घरात रेघ जवळजवळ सलग जळलेली होती. दोन ठिकाणी तेवढा बारीक खंड. सहा भाग आभाळ झाकलेलं होतं आणि सूर्य उरलेल्या दोन भागांत उभा होता.

त्यांनी सूर्य कुठे आहे हे बघितलंच नव्हतं. नुसतं ढगांचं क्षेत्रफळ मोजून निम्मे वजा केले होते.

मग त्यांनी मागच्या दोन आजारपणांच्या तारखा काढल्या. त्याआधी पुनम बाहेर गेली होती त्या दिवसांच्या पट्ट्याही कपाटात होत्या, कारण कोकिळाबाई काही फेकत नसत. एका दिवशी वहीत पाच भाग ढग, पट्टीवर अखंड रेघ. दुसऱ्या दिवशी सहा भाग, रेघ तशीच. सात वर्षं उत्तर त्यांच्याच कपाटात, त्यांच्याच हाताने तारीख घालून ठेवलेलं होतं. खिडकीबाहेर न बघता मोबाइल बघणाऱ्या स्वप्नील सरांना त्यांनी हसून घेतलं होतं, काळोखात तीन दाखवणाऱ्या पाटीला हसून घेतलं होतं. विधीच्या पाटीने निदान कुणाच्या लेकीला मिरवणुकीत धाडलं नव्हतं. स्वतःला द्यायला त्यांना पुरेशी खालची शिवी सापडेना. जन्मभर शिव्यांच्या बाबतीत त्या श्रीमंत होत्या, आणि आता एकही शब्द पुरत नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्या जळगावला परतल्या तेव्हा पुनम उशाला टेकून बसली होती. चेहरा स्टिरॉइडने सुजला होता. कोकिळाबाईंनी प्रास्ताविक केलं नाही.

“तू गोळ्या चुकवल्या नव्हत्यास. तिन्ही वेळा वही चुकली. म्हणजे मी चुकले.”

पुनमने सलाइनची नळी बाजूला सारली. “मला माहीत होतं की मी चुकवल्या नव्हत्या,” ती म्हणाली. “आणि सोमवारी वहीत दहा आला असता ना आई, तरी मी गेले असते. तुला न विचारता गेले असते. तू वहीला विचारतेस म्हणून मी तुला विचारलं, एवढंच.”

आवाजात राग नव्हता. एखाद्या हट्टी म्हाताऱ्या माणसाशी बोलावं तशी ती बोलत होती, आणि तो सूर कोकिळाबाईंना नीट ओळखू आला. तो त्यांचाच होता. आजवर त्यांनी तो दुसऱ्यांसाठी वापरला होता, अंगावर कधी घेतला नव्हता. त्यांनी संत्रं सोलायला घेतलं. पुनमने दोन फोडी खाल्ल्या आणि बाकीच्या परत दिल्या.

सहा आठवडे लागले, पण मूत्रपिंड सावरलं. डॉक्टरीणबाईंनी एक औषध वाढवलं आणि कानबाईला पुढच्या वर्षी दारातूनच हात जोड, म्हणून बजावलं. पुनम हो म्हणाली. कोकिळाबाईंनी तिच्याकडे बघून ओळखलं की ती ऐकणार नाही, आणि पहिल्यांदाच त्या त्यावर काही बोलल्या नाहीत.

ढगांचा तक्ता त्यांनी आणि विधीने मिळून नव्याने बांधला. जुनी वही बाईंना जाळायची होती. विधीने ती मागून घेतली, कारण सात वर्षांच्या ढगांच्या नोंदी आणि पट्ट्या जिल्ह्यात दुसऱ्या कुणाकडे नव्हत्या. आता सूर्य ढगाआड आहे की फटीत, हा पहिला प्रश्न झाला. फटीत असेल तर वजा काही करायचं नाही, उलट पाचवा हिस्सा मिळवायचा. चौकातल्या पाटीवर तुटक ढगांच्या दिवशी आकड्याखाली ‘ढगांवर विसंबू नका’ अशी ओळ येऊ लागली. ती वाचून कुणी छत्री उघडल्याचं कोकिळाबाईंना अजून दिसलेलं नाही. पाटीच्या सावलीत केळीवाल्याने गाडी लावली आहे आणि तो गिऱ्हाइकांना सांगतो की हे आकडे सरकारी असतात, त्यात काही दम नसतो.

ऑक्टोबरअखेर बाई निवृत्त झाल्या. स्वप्नील सरांनी भाषणात सांगितलं की भदाणे मॅडमनी अतिनील किरणांचं तापमान मोजण्याचं मोलाचं काम केलं. कोकिळाबाईंनी गळ्यातला हार काढून खुर्चीवर ठेवला, माइक आपल्याकडे ओढला आणि किरणांना तापमान नसतं, हे सगळ्यांसमोर सांगितलं. मग त्या म्हणाल्या की ढगांचं गणित मला सात वर्षं येत नव्हतं, ते या मुलीने दुरुस्त केलं. विधी शेवटच्या रांगेत लालचंदजींजवळ बसली होती. लोकांना टाळ्या वाजवाव्यात की नाही ते कळेना.

त्यांच्या जागी अजून कुणी आलेलं नाही. सकाळी सातला आता पेटी उघडत नाही, काचेच्या गोळ्याखाली पट्टी नसते. सेन्सर तेवढा चालू आहे. हिवाळ्यात रस्त्यावरची धूळ त्याच्या पांढऱ्या टोपीवर बसते आणि आकडा हळूहळू खाली येतो. म्हणून आठवड्यातून दोनदा कोकिळाबाई सोनगीरहून चालत येतात, रखवालदाराला कुंपण उघडायला लावतात, ओल्या फडक्याने टोपी पुसतात आणि विधीला फोन करून सांगतात की तुझ्या त्या शहाण्या यंत्राला स्वतःचं तोंड सुद्धा धुता येत नाही.